आधी पगाराचा कागद, मग झेंडा

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेल्या, तिथेच लग्न केलं, आता मॉस्को परिसरातल्या एका शहरात डॉक्टर आहेत. मुलगा सतरा वर्षांचा, तिथल्या अकरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गात. लहानपणापासून बॅडमिंटन खेळतो आणि 'मास्टर ऑफ स्पोर्ट' या रशियन क्रीडा-किताबाच्या एक पायरी खाली पोचला आहे. प्रदेशाच्या संघाचे कोच त्याला पगारी खेळाडू म्हणून घ्यायला तयार आहेत. त्यांच्या अटी दोन : एकेरी सोडून दुहेरीकडे वळायचं, आणि पदवी बाहेरून करायची, म्हणजे दिवस सरावाला मोकळा राहील. मुलाला एकेरीच खेळायची आहे आणि ऑलिंपिकला जायचं आहे. वडील म्हणतात, ज्या देशाच्या खेळाडूंना जग आपल्या झेंड्याखाली खेळू देत नाही, तिथे हा खेळ पोटासाठी खेळू नये. आधी इंजिनिअर हो. नाशिकचे आजोबा म्हणतात, पोराला इकडे पाठवा, भारताकडून खेळेल. ताई विचारतात : "त्याला भारतात पाठवू, की रॅकेट खाली ठेवायला सांगू? उन्हाळ्याच्या आत ठरवायचं आहे. माझं चुकलं तर तो मला कधीच माफ करणार नाही."

ताई,

तुमच्या पत्रात ऑलिंपिक पुन्हा पुन्हा येतं आणि कोचनी देऊ केलेल्या पगाराचा आकडा एकदाही येत नाही. करार किती वर्षांचा, सही कोणाची, दुखापत झाली तर पगार चालू राहणार की नाही, यातलंही काही नाही. घरातली मोठी माणसं झेंड्यावरून वाद घालताहेत. मुलाची पुढची पाच वर्षं मात्र बरीचशी त्या न वाचलेल्या कागदावर अवलंबून आहेत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

भारतात बऱ्या खेळाडूला रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका नोकरीत घेतात आणि तो त्या नोकरीवर खेळत राहतो. रशियात हे काम मुख्यतः प्रदेश करतात. प्रदेशाच्या क्रीडा-केंद्रात खेळाडूंच्या जागा असतात. जागेवर असलेल्याला दरमहा पगार मिळतो आणि सरावाचा हॉल, शटल, शिबिरं, देशातला प्रवास यांची सोय होते. राष्ट्रीय संघात गेलेल्याला वरून केंद्र सरकारचेही पैसे मिळतात. तुम्हाला हे माहीत असेलच, पण नाशिकला वाचून दाखवा. आणखी एक गोष्ट आजोबांना ऐकवा : तिथे एकच खेळाडू एकाच वेळी दोन प्रदेशांच्या नावावर खेळू शकतो. जिथे वाढला तो एक आणि जिथे सराव करतो तो दुसरा. निकालाचं श्रेय दोघांना, खर्चाचा वाटाही दोघांचा. रणजीच्या एकाच मोसमात महाराष्ट्र आणि विदर्भ अशा दोन्ही संघांच्या हजेरीपटावर नाव असावं, तसा हा प्रकार.

या व्यवस्थेत पगार मुख्यतः देशांतर्गत निकालांवर ठरतो. राष्ट्रीय अजिंक्यपद, चषक, सांघिक स्पर्धा. त्यामुळे २०२२ च्या मार्चमध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने रशियाच्या आणि बेलारुसच्या खेळाडूंना बाहेर ठेवलं, तरी रशियातलं बॅडमिंटन बंद पडलं नाही. हॉल भरत राहिले, पगार होत राहिले. तुमच्या यजमानांचं "बंदीतला खेळ पोटासाठी खेळू नये" हे वाक्य ऐकायला ठाम वाटतं, पण त्यात एक गृहीत धरलं आहे, की खेळाडूचं पोट परदेशातल्या बक्षिसांवर चालतं. जागतिक क्रमवारीतल्या वरच्या मोजक्या खेळाडूंचं चालत असेल. बाकीच्यांचं कधीच चालत नव्हतं, बंदीच्या आधीही नाही.

आकडेच पाहा. 'इंटरनॅशनल चॅलेंज' या खालच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस-रक्कम बरीच वर्षं १५,००० डॉलरच्या आसपास असायची. एकेरीच्या विजेत्याला त्यातले साडेसात टक्के, म्हणजे ११२५ डॉलर. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.९ टक्के, म्हणजे वाटणी झाल्यावर माणशी सहाशेच्या आतच. आणि हे स्पर्धा जिंकल्यावरचे पैसे! दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याचं विमान, हॉटेल, प्रवेश शुल्क सगळं पदरचं किंवा संघटनेच्या मेहेरबानीचं. म्हणून युरोपातल्या या थरातल्या खेळाडूचा पहिला प्रश्न असतो, महिन्याचे पैसे कोण देणार. तुमच्या मुलाला ते द्यायला कोणीतरी तयार आहे. सतराव्या वर्षी हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

याचा अर्थ बंदीने काही नुकसान झालं नाही, असं अजिबात नाही. पूर्वी रशियात आंतरराष्ट्रीय स्पर्धा घरातच होत. सेंट पीटर्सबर्गजवळच्या गात्चिनामध्ये 'व्हाइट नाइट्स', व्लादिवोस्तोकला रशियन ओपन. व्लादिवोस्तोकला आपलेही खेळाडू जिंकून आले आहेत. २०१६ ला ऋत्विका शिवानी गद्देने तिथल्या अंतिम सामन्यात रशियाच्या येव्गेनिया कोसेत्स्कायाला हरवलं, २०१८ ला सौरभ वर्मा विजेता झाला. अशा स्पर्धा दाराशी असल्या की स्थानिक पोरांना विमानाचा खर्च न करता क्रमवारीचे गुण मिळतात, आणि थायलंड-जपानचे खेळाडू समोर उभे राहतात तेव्हा आपण कुठे आहोत हे समजतं. २०२२ मध्ये महासंघाने रशियातल्या स्पर्धाच रद्द केल्या. तुमचा मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असणार. ज्या वयात परदेशी ज्युनियर स्पर्धांत मार खाऊन मुलं शहाणी होतात, ते वय त्याने घरातल्याच त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून काढलं. त्याच्या घरच्या निकालांवरून तो जगात कुठे बसेल हे कोचना सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही, आणि त्यालाही नाही.

याच कोसेत्स्कायाचं उदाहरण मी मुद्दाम देते. २०१८ च्या युरोपियन अजिंक्यपदात तिला रौप्य मिळालं, अंतिम सामना कॅरोलिना मरिनशी होता. २०२२ च्या जानेवारीत लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत ती उपांत्य फेरीत सिंधूविरुद्ध खेळत होती. पहिला गेम गेल्यावर दुखापतीमुळे तिने सामना सोडला. त्या स्पर्धेच्या दुसऱ्या बाजूने अंतिम फेरीत आली आपली नागपूरची मालविका बनसोड. पुढच्या दोन महिन्यांच्या आत कोसेत्स्कायाला जगाची दारं बंद झाली, आणि मालविकाचं करिअर तेव्हा कुठे उघडत होतं. कोसेत्स्काया त्या वेळी सत्तावीस वर्षांची होती, म्हणजे हातात असलेली सर्वांत चांगली वर्षं गेली. तुमच्या मुलाचं नुकसान तेवढं मोठं नाही, पण वेगळ्या जातीचं आहे. तिला ती काय होती हे तरी माहीत होतं.

आता दार कितपत उघडं आहे? २०२४ च्या फेब्रुवारीअखेरपासून महासंघाने रशियन खेळाडूंना तटस्थ खेळाडू म्हणून, वैयक्तिकरीत्या, झेंडा आणि राष्ट्रगीताशिवाय परत येण्याची वाट मोकळी केली. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता एप्रिलअखेर संपत होती. क्रमवारीत बावन्न आठवड्यांतले सर्वोत्तम दहा निकाल धरले जातात. शून्यावरून सुरू करणाऱ्याला दोन महिन्यांत काय जमणार? पॅरिसच्या बॅडमिंटनमध्ये एकही रशियन नव्हता. हे नियम बदलत राहतात, तेव्हा मुलाने नाव नोंदवायच्या आधी महासंघाचं त्या दिवशी लागू असलेलं पत्रक वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. तटस्थ म्हणून खेळायच्या अटींमध्ये दोन महत्त्वाच्या होत्या : युक्रेनमधल्या युद्धाला सक्रिय पाठिंबा दिलेला नसावा, आणि सैन्याशी किंवा सुरक्षा यंत्रणांशी करार नसावा.

ही दुसरी अट पुन्हा वाचा, ताई. मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि तुमच्या पत्रात सक्तीच्या लष्करी सेवेचा शब्दही नाही. लिहायला हात धजावला नसेल, मी समजू शकते. पण या पेचातला सर्वांत टोकदार भाग तोच आहे आणि कोचच्या अटीशी तो थेट जोडलेला आहे. २०२४ पासून ही सेवा १८ ते ३० या वयातल्या पुरुषांना लागू आहे. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण संपेपर्यंत ती पुढे ढकलता येते. बाहेरून पदवी करणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणजे "पदवी बाहेरून कर" हा कोचचा सल्ला वरकरणी सरावाच्या वेळेचा वाटतो, पण त्याची किंमत वर्षभराची सक्तीची सेवा असू शकते, आणि आजच्या काळात ती कुठे, कशी याची हमी मी देऊ शकत नाही. कोणी म्हणेल, खेळाडूंना लष्कराच्या क्रीडा-तुकडीत घेतात, तिथे सरावच चालतो. चालत असेल. पण मग तटस्थ खेळाडूच्या अटीत तो बसेल का, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर कोचच्या तोंडी आश्वासनावर घेऊ नका. राष्ट्रीय संघटनेकडून लेखी घ्या, आणि एका वकिलाला दाखवा. हा खर्च टाळू नका.

इथे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटतं, फक्त त्यांच्या कारणाने नाही. मुलाने पूर्णवेळ कॉलेजात नाव घालावंच. इंजिनिअरिंगच हवं असं मात्र नाही. मॉस्कोत क्रीडा विद्यापीठ आहे, इतर शहरांतही शारीरिक शिक्षणाच्या पूर्णवेळ पदव्या आहेत, आणि तिथे खेळाडूंचं वेळापत्रक ही रोजची गोष्ट असते. शिवाय रशियात पुढे कोच म्हणून कायमची जागा हवी असेल तर या शिक्षणाचा कागद मागतातच. यजमानांना क्रीडा विद्यापीठ म्हणजे शिक्षणच वाटत नसेल, तर त्यांना विचारा की त्यांच्या ओळखीच्या किती इंजिनिअरांना बाविसाव्या वर्षी तयार पगार, एक किताब आणि शिकवण्याचा परवाना एकत्र मिळाला. मुलाला खरंच मशिनांत रस असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रावरून मला तसं दिसलं नाही. इंजिनिअरिंग वडिलांना हवं आहे, एवढंच दिसलं.

आता एकेरी-दुहेरी. तुम्ही या वादाला दोन ओळी दिल्यात. मला वाटतं कोचनी दिलेल्या प्रस्तावातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि मुलगा नेमका त्यालाच नाही म्हणतोय.

रशियाच्या बॅडमिंटनची मोठी यशं काढून बघा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीत वालेरिया सोरोकिना आणि नीना विस्लोवा यांचं कांस्य, बॅडमिंटनमधलं रशियाचं पहिलं ऑलिंपिक पदक. २०१४ च्या कझानच्या युरोपियन अजिंक्यपदात व्लादिमीर इव्हानोव्ह आणि इव्हान सोझोनोव्ह यांचं पुरुष दुहेरीतलं सुवर्ण. २०१६ ला त्याच जोडीने ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात जपानच्या एंडो-हायाकावा जोडीला पहिला गेम २१-२३ असा गमावल्यावर हरवून. ऑल इंग्लंड जिंकणारे ते पहिले रशियन. २०२१ ला कीव्हमध्ये हेच दोघे पुन्हा युरोपचे विजेते, आणि मिश्र दुहेरीचं सुवर्ण रॉडिऑन अलिमोव्ह आणि अलिना दावलेतोव्हा यांना. सगळी दुहेरी. एकेरीत कोसेत्स्कायाचं रौप्य आहे, पण या यादीच्या शेजारी ते एकटंच उभं आहे.

हे योगायोगाने होत नाही. एकेरीत पहिल्या पन्नासात जायचं तर दर आठवड्याला आशियातल्या वेगवेगळ्या खेळाडूंशी खेळावं लागतं. ती सवय घरातल्या हॉलमध्ये तयार होत नाही. दुहेरीत सर्व्हिस, पहिला परतावा, नेटवरची पकड, जोडीदाराबरोबरची फिरती जागा यावर बरंच काम चार चांगल्या खेळाडूंना एका कोर्टावर कोंडून वर्षानुवर्षं करता येतं. इव्हानोव्ह जवळजवळ दोन मीटर उंच. मागच्या कोर्टावरून त्याचे स्मॅश आणि पुढे सोझोनोव्ह, ही रचना ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाही. दोघे आपल्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्येही खेळून गेले. आणि वय बघा. ऑल इंग्लंड जिंकली तेव्हा इव्हानोव्ह अठ्ठावीस वर्षांचा, सोझोनोव्ह सव्वीसचा. कीव्हच्या वेळी तेहतीस आणि एकतीस. "सतरा झाले, आता नाही तर कधीच नाही" हे तुमच्या पत्रातलं वाक्य एकेरीत एखाद्या वेळी खरं असेल, दुहेरीत नाही.

मुलाला हे 'एकेरीत तुझं काही होणार नाही' अशा शब्दांत सांगू नका. सतरा वर्षांच्या मुलाला त्यातलं फक्त 'नाही' ऐकू येतं. इव्हानोव्हही बरीच वर्षं एकेरी खेळत होता, हे सांगा. कोचना विचारा की पहिला मोसम दोन्ही खेळू देतील का. बरेच कोच देतात, कारण एकेरीचे पाय दुहेरीतही लागतात. आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचं उदाहरण त्याच्यापुढे ठेवा. सात्विकबरोबर त्याची जोडी मूळ मलेशियाचे कोच टॅन किम हर यांनी जमवली. २०२३ ला हे दोघे आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण घेऊन जागतिक क्रमवारीत पहिल्या जागेवर गेले. बाहेरच्या नजरेला कधीकधी जोडी आधी दिसते.

दुहेरीत एक धोका आहे आणि तो कोच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. अर्धं करिअर दुसऱ्याच्या गुडघ्यावर उभं असतं. जोडीदार जखमी झाला, दुसऱ्या प्रदेशात गेला, लग्न करून खेळ सोडून बसला, तरी तुमच्या मुलाची क्रमवारी जाते. म्हणून विचारायचा प्रश्न : माझ्या मुलासाठी जोडीदार कोण ठरवला आहे? तो किती वर्षांचा आहे, त्याचा करार कधी संपतो? कोचकडे नाव तयार नसेल, तर "दुहेरीकडे वळ" हे अजून हवेतलं बोलणं आहे.

लंडनच्या कांस्याची गोष्ट आपल्याकडे जरा कडवट आठवण ठेवून गेली आहे. सोरोकिना-विस्लोवा गटवार फेरीतच बाहेर पडल्या होत्या. मग मुद्दाम हरल्याबद्दल चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या बाद झाल्या, रिकाम्या जागांवर ज्यांना बोलावलं त्यांत या दोघी होत्या, आणि कॅनडाच्या जोडीला २१-९, २१-१० असं धुऊन त्या पदक घेऊन गेल्या. त्याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा दोन सामने जिंकूनही अगदी थोड्या गुणफरकाने बाहेर पडल्या, भारताची तक्रार फेटाळली गेली. त्या वेळी रशियात ऑलिंपिक कांस्याला १७ लाख रुबल सरकारी बक्षीस होतं. असं पदक मिळू शकतं, पण त्याचा आराखडा करता येत नाही. मुलाला ऑलिंपिकचं स्वप्न बघू द्या, त्यात तुमचं काही जात नाही. घराचे निर्णय मात्र त्या स्वप्नाच्या तारखांवर बेतू नका.

आता आजोबा. त्यांच्या पिढीने सांगलीच्या नंदू नाटेकरांना १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकताना ऐकलं आहे, त्यामुळे नातवाच्या छातीवर तिरंगा हवा असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण कागदांचं गणित असं : मुलाकडे रशियन पासपोर्ट आहे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत देतो त्या कार्डावर, तो इथे राहू शकतो, शिकू शकतो, पैसे भरून अकादमीत सराव करू शकतो. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. ओसीआयवरून नागरिकत्वाकडे जायचं तर कार्ड पाच वर्षं जुनं हवं आणि अर्जाआधीचे बारा महिने वास्तव्य भारतात हवं. रशियन नागरिकत्व सोडायचं तर तिथल्या कायद्याने बाकी असलेली जबाबदारी आड येऊ शकते, आणि ती जबाबदारी कोणती हे वर आलंच आहे. आज सुरुवात केली तरी तो बाविशी-तेविशी ओलांडेल. एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी : बंदीमुळे तो रशियाकडून वरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळलेला नाही, त्यामुळे खेळाचा देश बदलणाऱ्यांना जी तीन वर्षं थांबावं लागतं ती अडचण त्याला कदाचित येणार नाही. पण तेवढ्यासाठी पोराला उपटून आणावं का?

आणि समजा सगळे कागद झाले. इथे काय वाट बघतंय? भारताच्या पुरुषांनी २०२२ ला थॉमस चषक, म्हणजे पुरुषांचं सांघिक जगज्जेतेपद, जिंकला आहे. चिरागसारख्या मुंबईच्या मुलालाही हैदराबादला जाऊन राहावं लागलं. मालविका नागपूरची, पण सरावासाठी रायपूरला जात राहिली. रशियात तुमचा मुलगा प्रदेशाच्या संघात आहे म्हणून लोक त्याला ओळखतात. इथे त्याच्या वयाचे, त्याच्याहून जास्त सामने खेळलेले कितीतरी मुलगे हॉलच्या दाराशी उभे आहेत, आणि त्यांच्या घरचे रोजचं मराठी, तेलुगू, कन्नड बोलतात. तो मराठी समजतो, बोलताना अडखळतो, असं तुम्हीच लिहिलंय. भारतात पाठवणं म्हणजे सोपा रस्ता, हे गृहीत मला मान्य नाही. दोन महिन्यांच्या सुट्टीत एखाद्या अकादमीत शिबिराला पाठवणं मात्र उत्तम. चार वर्षं न भेटलेले प्रतिस्पर्धी त्याला तिथे भेटतील, आणि त्याची खरी पातळी काय, याचं उत्तर कोणाशी वाद न घालता मिळेल. जमल्यास हे शिबिर करारावर सही करण्याआधी करा.

मग करायचं काय? माझ्या मते सही करावी, दोन मोसमांसाठी, पूर्णवेळ कॉलेजात नाव घालून. कोचनी बाहेरून पदवीचाच हट्ट धरला तर सही करू नये. मग ती जागा कितीही गोड दिसो. कागदात पगाराचा आकडा, दुखापतीतली तरतूद, करार मोडायचा झाला तर कोणाचे पैसे कोणी परत करायचे, आणि दुसऱ्या प्रदेशाच्या नावावरही खेळायची मुभा आहे का, हे असायला हवं. परदेशातल्या स्पर्धांचा खर्च प्रदेशाचं क्रीडा-केंद्र किती उचलणार ते विचारा. "बघू" असं उत्तर आलं तर तो शून्य धरा आणि वर्षाला दोन-तीन स्पर्धांचे पैसे घरातून बाजूला काढता येतील का बघा : कझाकस्तान, तुर्कस्तान, सर्बिया इथे रशियन पासपोर्टला व्हिसाची कटकट नाही, सुरुवात तिथून होईल. दोन मोसमांनी 'मास्टर'चा किताब मिळाला का, जोडी टिकली का, आणि मुलगा सकाळी सहाला उठून जातोय की तुम्ही उठवताय, एवढं बघून पुन्हा बसा. कॉलेजची दोन वर्षं तोवर पदरात पडलेली असतील, म्हणजे थांबायचं झालं तरी हात रिकामे नसतील.

इतर पालकांसाठी एक वाक्य जाता जाता : मूल कुठल्याही देशात, कुठल्याही खेळात असो, 'व्यावसायिक खेळाडू' होण्याबद्दल घरात बोलताना पदकांच्या आधी महिन्याच्या पैशांबद्दल बोला. मुलांना त्याची लाज वाटत नाही, मोठ्यांनाच वाटते.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, "माझं चुकलं तर तो मला माफ करणार नाही." त्यात तुम्ही निर्णय स्वतःच्या अंगावर घेतलाय आणि मुलाला बाजूला उभं केलंय. तो अठराचा होईल, सही त्याची असेल. पत्रात तुम्ही कोच, नवरा आणि नाशिकचे तुमचे वडील या तिघांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत दिलंत. मुलाचं म्हणणं "ऑलिंपिक" या एका शब्दात संपवलंत. त्याला विचारा की ऑलिंपिक कधीच झालं नाही, तर तिशीपर्यंत हा खेळ त्याला रोज खेळायला आवडेल का. त्याचं उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. त्याने पटकन हो म्हटलं, तर यजमानांशी बोलायची बाजू तुमची. तो गप्प राहिला, तर घाईने कुठलाही अर्थ काढू नका, आठवड्याने परत विचारा.

आणि ओसीआय कार्ड अजून काढलं नसेल तर या उन्हाळ्यात अर्ज करा, पण आधी रशियातल्या वकिलाला विचारून, कारण तिथे दुसऱ्या देशातल्या वास्तव्य-हक्कांची माहिती सरकारला कळवायचे नियम आहेत. पाच वर्षांची मोजणी कार्ड मिळाल्यापासून सुरू होते. वापरलं नाही तर नाही वापरलं. आजोबांना मात्र सांगता येईल की अर्ज भरला आहे.